बिनफवारणीचा मोगरा

माझा धंदा कीटकनाशक फवारणीचा. झुरळं, ढेकूण, वाळवी, जे म्हणाल ते. बारा वर्षांत लाखोंचे मुडदे पाडले असतील, एकाचंही कधी वाईट वाटलं नाही.

बायको मोटार चालवायला शिकवते. एका संध्याकाळी ती घरी आली आणि पर्स आपटून म्हणाली, "आज नवीन शिकाऊ बाईंनी गाडी सुरू करायच्या आधी काच खाली केली. विचारतात, मॅडम, गाडीत ढेकूण झाले होते का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, ढेकूण नाही, नवरा आहे."

खरंच होतं. आमचं कपाट एकच, माझ्या कपड्यांचा वास तिच्या कपड्यांना लागायचा. दुसऱ्या कोणी सरळ वेगळं कपाट आणलं असतं. मी ठरवलं, तिच्यासाठी घरच्या मोगऱ्याचं अत्तर करायचं. अस्सल, नैसर्गिक. माझ्या नाकाला आता फिनेल आणि गुलाबपाणी एकच वाटतं, ही अडचण मला तेव्हा किरकोळ वाटली.

गॅलरीत सहा कुंड्या आल्या. कृती ऐकायला सोपी होती. वास नसलेल्या तेलात थोडं मेण वितळवायचं, काचेवर थर द्यायचा, त्यावर फुलं उपडी मांडायची आणि रोज बदलायची. महिनाभरात तो थर फुलांचा वास पिऊन घेतो. रोपवाटिकेच्या बाईंनी एकच बजावलं, "औषध मारू नका हं. जे माराल ते अत्तरात उतरेल."

"छे, मी कशाला मारतोय!" मी म्हणालो. धंद्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दहाव्या दिवशी कळ्यांना भोकं दिसली. आत अळ्या, शेंड्यांवर माव्याची कीड. दोघांवरची औषधं माझ्या पिशवीत होती आणि मी रोज सकाळी स्टुलावर बसून रंगाच्या ब्रशने किडे वाटीत गोळा करत होतो.

सासूबाई आमच्याकडेच असतात. चहा घेऊन दारात उभ्या राहायच्या. "जावईबापू, लोकांच्या घरातले मारता आणि आपल्या घरातले वाटीत मांडता. छान."

एका सकाळी खालचे बेकरीवाले काका फवारणीची वेळ ठरवायला वर आले. वाटीत वीसेक अळ्या वळवळत होत्या. काकांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तरीच! मी म्हणतोय, दर तीन महिन्यांनी परत येतात कुठून!"

"अहो काका, हे अत्तरासाठी आहे."

"अळ्यांचं?"

मी मोगरा, तेल, बायको असं काहीबाही सांगत गेलो. जितकं सांगितलं तितकं मलाच खोटं वाटायला लागलं. आठवड्यात इमारतीतल्या दोन घरांनी फवारणी रद्द केली. लिफ्टमध्ये एक आजोबा कौतुकाने म्हणाले, "पैदास जोरात आहे म्हणे."

त्या दिवशी माझं डोकं सटकलं. पंप भरला आणि गॅलरीत गेलो.

"मारा," सासूबाई मागून म्हणाल्या. "मग ते अत्तर झुरळांना लावा."

मी पंप खाली ठेवला आणि रागारागाने काच त्यांच्यापुढे धरली. "निदान वास तरी बघा. तीन आठवडे राबतोय."

त्यांनी हुंगलं आणि पदर नाकाला लावला. "कोबी सडलाय."

झालं होतं असं, की कोमेजलेली फुलंसुद्धा टाकायला जीव होईना म्हणून मी दोन-दोन दिवस तशीच ठेवत होतो. माझ्या नाकाने हू की चू केलं नव्हतं. सगळा थर खरवडून टाकला. मग सासूबाईंनी चष्मा लावला. "चला, नवीन लावा. फुलं कधी काढायची ते मी सांगते."

पुढचा महिना नाक त्यांचं, हात माझे. शेवटी अंगठ्याएवढी डबी भरली. बायकोने मनगटाला बोट लावलं आणि डोळे मिटून उभी राहिली. "मोगरा आहे रे," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज इतका आश्चर्याचा होता की मला जरा लागलंच.

बेकरीवाले काका अजून संशयाने बघतात, पण बोलावतात मलाच. डबीवरून मायलेकींची जुंपली तेव्हा मी मध्ये पडलो नाही. शेवटी बायकोने जाहीर केलं, की तिची डबी ती स्वतः करणार. दुसऱ्या सकाळी ती ब्रश घेऊन ऐटीत स्टुलावर बसली आणि पहिलीच कळी उघडताच अशी किंचाळली, की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. रोज भर रहदारीत नवशिक्यांच्या शेजारी बसणारी बाई माझ्या पाठीमागे लपली होती. मी छाती पुढे काढून अळी उचलली.

"धीराचे आहेत हो जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

अळी करंगळीच्या नखाएवढी होती.