जिन्याचे सोळा सेंटिमीटर

चूक मिस्त्रीचीच असते, हा अभियंता नायफ यांच्या जॉर्डनमधल्या इर्बिद शहरातल्या कार्यालयाचा जुना रिवाज होता. त्या रविवारी शाहेर मिस्त्रीची पाळी आली. बालवाडीच्या इमारतीचा जिना आराखड्यात एकशेवीस सेंटिमीटर रुंद होता. शाहेरने जागेवर चुन्याने आखणी केली. दोन्हीकडच्या वर्गांची मापे सोडल्यावर जिन्याला एकशेचारच उरत होते. आराखड्याची गुंडाळी काखेत मारून तो कार्यालयात आला. नायफ यांना सगळे मुलाच्या नावावरून अबू राकान, म्हणजे राकानचे वडील, म्हणत.

"अबू राकान, बेरीज बसत नाही. तीनदा मोजलं."

"चौथ्यांदा मोज," नायफ म्हणाले. "नाहीतर तुझ्या मुलाला बोलाव. पाचवीत आहे ना? त्याला येत असेल बेरीज."

"येते त्याला. त्याच्याकडूनही करून घेतली."

नायफ यांच्या कपाळावर आठी उमटली. "उद्यापासून येऊ नकोस. गुरुवारी काँक्रीट ओतायचंय. मला मोजता येणारा माणूस हवा."

शाहेरने गुंडाळी टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. कोपऱ्यात संगणकावर बसलेल्या जमीलने मान वळवली नाही. या कार्यालयातले सारे आराखडे वीस वर्षे तोच काढत होता. नायफ फक्त छापलेल्या कागदावर लाल पेनाने दुरुस्त्या करायचे आणि शेवटी शिक्का मारायचे.

त्याच आठवड्यात एक नवी कटकट होती. यापुढे नगरपालिकेला छापील कागदाऐवजी आराखड्याची संगणकावरची फाइलच सादर करायची होती, आणि सही करणाऱ्या अभियंत्याने त्याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण स्वतः घ्यायचे होते.

"माझ्या जागी तू जाऊन बस," नायफ जमीलला म्हणाले.

"तिथे रोज फोटो काढतात, इंजिनिअरसाहेब. माझे केस अजून काळे आहेत."

म्हणून सोमवारी दुपारी सत्तावन्न वर्षांचे नायफ प्रशिक्षण वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. शिकवणारी रुबा तिशीची होती. नायफ यांनी पहिल्या पाच मिनिटांतच आपले मत सांगून टाकले.

"पोरी, आमच्याकडे आराखडे काढणारा माणूस आहे. घरात स्वयंपाकी असताना मालकाने कांदा कशाला चिरायचा?"

"चिरू नका, अम्मो," काकांना मारतात ती हाक मारत रुबा म्हणाली. "पण ताटात काय वाढलंय ते तरी ओळखता यायला हवं. खाली सही तुमची असते."

पहिला दिवस माऊस सांभाळण्यातच गेला. नायफ यांनी काढलेली भिंत तिरपी होऊन पडद्याच्या कडेपर्यंत गेली, तेव्हा शेजारचे अभियंते गृहस्थ म्हणाले, "अबू राकान, ही थेट सीमेपार दमास्कसला निघाली की." नायफ यांनाही हसू आले.

मंगळवारी रुबाने प्रत्येकाला हाती असलेले काम उघडायला सांगितले.

"आराखड्यात आकडे दोन तऱ्हेचे असतात," ती म्हणाली. "एक संगणक स्वतः मोजून लिहितो. भिंत सरकवा, आकडा बदलतो. दुसरा कुणीतरी वरून टाइप केलेला असतो. तो टाइप केला म्हणून भिंत हलत नाही. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून आज वाचायचं नाही, मोजायचं."

नायफ यांनी बालवाडी उघडली होती. त्यांनी जिन्याच्या एका भिंतीवर टिचकी मारली, मग दुसऱ्या. एकशेचार. हात हलला असेल म्हणून पुन्हा मोजले. एकशेचार! रेषेवर मात्र ऐटीत एकशेवीस लिहिलेले होते.

ते उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि त्यांनी जमीलला फोन लावला.

"जिन्याचा आकडा तू वरून टाइप केलास?"

"तुम्हीच लाल पेनाने एकशेवीस लिहिलं होतं."

"मग भिंत सरकवायची!"

"भिंत सरकवली की वर्ग लहान होतो. मग तुम्ही वर्गावर लाल पेन फिरवता. मागे एकदा सांगायला आलो होतो, तर म्हणालात, गोष्टी सांगू नकोस, आकडा नीट कर. तेव्हापासून मी आकडा नीट करतो."

"असे किती आराखडे असतील?"

"मोजले नाहीत," जमील म्हणाला. नायफ यांना मात्र कामावरून काढलेला एकेक मिस्त्री आठवू लागला. काहींची नावेही आता आठवत नव्हती.

रुबा सेज नावाच्या सुगंधी पानांचा चहा घेऊन बाहेर आली. शाहेरला काढल्यापासून काय झाले ते त्यांनी तिला सांगितले आणि म्हणाले, "जमीलने मला फसवलं."

"जमीलने तुमचं ऐकलं, अम्मो. आकडा चुकलाय असं सांगणारा तुमच्याकडून घरी जातो. चूक झाकणारा वीस वर्षं टिकतो. मग नोकरी सांभाळायची असेल तर माणूस काय शिकेल?" तिने पेला त्यांच्या हातात दिला. "बालवाडीचा जिना एकशेवीस का लागतो?"

"पळायची वेळ आली तर पोरांच्या दोन रांगा एकदम उतरल्या पाहिजेत," नायफ यांनी उत्तर दिले. हा नियम ते कित्येक वर्षे लोकांना ऐकवत आले होते. आता तो स्वतःच्याच तोंडून ऐकून त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

आत जाऊन ते म्हणाले, "माझा आराखडा मोठ्या पडद्यावर लाव. सगळ्यांना दाखव. माझं नाव झाकू नकोस."

रुबाने तसे केले. वर्गात कुणी हसले नाही. थोड्याच वेळात जो तो आपापल्या संगणकावर भिंती मोजू लागला, आणि दमास्कसचा विनोद करणाऱ्या गृहस्थांचा चेहरा उतरला.

बुधवारी सकाळी नायफ शाहेरच्या घरी गेले. शाहेरने त्यांना बसायला गादी दिली आणि कॉफी ओतली. नायफ यांनी पेला समोर ठेवला, ओठांना लावला नाही. काही मागायला आलेला पाहुणा मागणी मान्य होईपर्यंत कॉफी पीत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

"तुझी बेरीज बरोबर होती," नायफ म्हणाले. "चूक माझी. कामावर परत ये."

"भिंत सरकवली का?"

"सरकवली. मी स्वतः. दीड तास लागला."

"मग वर्ग?"

"सोळा सेंटिमीटरने लहान झाला. बालवाडीच्या बाईंना सांगून आलो. काँक्रीट आता पुढच्या आठवड्यात."

"बाई रागावल्या असतील."

"चांगल्याच."

शाहेरने विचारले, "जमीलचं काय?"

"जमील आहे तिथेच राहील. फक्त आता तो सांगायला आला की मी ऐकून घेईन."

"घ्या मग," शाहेर म्हणाला. "गार होतेय."

मंडळी, आपण सगळेच कशा ना कशावर सही करतो. कुणी हजेरीपटावर, कुणी औषधाच्या साठ्यावर, कुणी पुलाच्या तपासणीवर. ज्याखाली आपले नाव आहे ते स्वतः मोजता येत नसेल, तर केस कितीही पांढरे झालेले असोत, शिकून घ्यावे. आणि मोजून आलेला माणूस दारात उभा राहिला, तर आधी त्याला बसवून त्याचे ऐकावे. नायफ यांना हे सत्तावन्नाव्या वर्षी कळले. पण त्या जिन्यावर मुलांची पावले पडण्याआधी कळले.