वनस्पतिशास्त्र हलवायचा ठराव

आमचे हे शुक्रवारी माझी बॅग घ्यायला फाटकापर्यंत आले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एरवी मी आठवडाभराने घरी आले, की पेपरातून मान वर न करता "आलीस का?" एवढंच विचारतात.

आम्ही दोघं एकाच विद्यापीठात. ते मोठ्या कॅम्पसला गणित शिकवतात. मी चार तासांवरच्या धाकट्या कॅम्पसला वनस्पतिशास्त्राची विभागप्रमुख, तिथेच खोली घेऊन राहते. आणि आता तो विभागच उचलून मोठ्या कॅम्पसला न्यायचा ठराव आला होता. असले निर्णय कुलगुरूंना एकट्याने घेता येत नाहीत. सगळ्या कॅम्पसच्या प्राध्यापकांनी निवडून दिलेल्या संयुक्त सभेत बहुमत लागतं, आणि आम्ही दोघंही त्या सभेत. विभाग गेला तर माझ्या विद्यार्थिनी शिक्षण सोडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. घरचे त्यांना रोज ये-जा करू देतात तेच नशीब. चार तासांवर कोण पाठवतंय?

माझा संशय गोडबोल्यावर. सभेचा अध्यक्ष; गोडबोल्या हे आम्ही पाठीमागे ठेवलेलं नाव. तोंडात साखर, आणि काम झालं की ओळख विसरणार.

"अहो, गोडबोल्यानं तुमच्यातले किती जण फोडलेत?" मी जेवताना विचारलं.

"मला काय माहीत? जेव ना."

"रोज त्याच्याबरोबर चहा पिता, आणि माहीत नाही?"

"तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं," म्हणत ते उठले, आणि चक्क भांडी घासायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस कधी सिंककडे फिरकला नव्हता! आतल्या खोलीतलं कपाटही रिकामं केलेलं. का, तर म्हणे वाळवी लागलीय का बघतोय. गोडबोल्यानं यांना दम दिलाय आणि हे माझ्यापासून लपवतायत, असं मी धरून चालले. बिचारे, म्हणून कीवसुद्धा आली मला.

सोमवारी ऑनलाइन सभा झाली. आम्ही धाकट्या कॅम्पसचे पडद्यासमोर, मोठ्या कॅम्पसचे त्यांच्या सभागृहात. गोडबोल्या म्हणाला, "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा." मी डोळ्यांत तेल घालून एकेक चेहरा बघत होते. मागच्या रांगेत आमच्या ह्यांचा हात वर गेला. मान खाली, पण हात वर! ठराव अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर झाला. विरोधात हात वर करणाऱ्यांत गोडबोल्या होता.

मधल्या सुट्टीत मी फोन लावला. "खरं सांगा, कुणी दम दिला तुम्हाला?"

"कुणी नाही गं." मग म्हणाले, "घरात बोलायला माणूस नसतं. विभाग इकडे आला की तूही येशील, एवढंच होतं माझ्या मनात. कपाट तुझ्या पुस्तकांसाठी रिकामं केलंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मेलं, त्याच वेळी रडूही आलं.

"मला विचारायचं तरी!"

"तू नाहीच म्हणाली असतीस."

सभा पुन्हा सुरू झाली. आत्ता शिकत असलेल्या मुलींची पदवी पूर्ण होईपर्यंत एका प्राध्यापकाला धाकट्या कॅम्पसलाच थांबावं लागेल, गोडबोल्या सांगत होता. बाकी कुणी नसल्यामुळे सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळा त्यालाच सांभाळावी लागेल. कोण तयार आहे?

आता मागच्या रांगेतून आमचे हे थेट पडद्याकडे बघत होते. हळूच मान हलवून मला नको म्हणत होते.

"मी राहते," मी म्हणाले. "शनिवार-रविवारसुद्धा."