मगरीचा दांडा

त्या गॅरेजात एक रीत होती. गाडीखाली जो जाईल, त्याने जॅकचा दांडा काढून सोबत न्यायचा. आधी गाडी जॅकने उचलायची, मग तिच्याखाली लोखंडी घोड्या लावायच्या, जॅक किंचित सैल करून सगळं वजन घोड्यांवर बसवायचं, गाडी हाताने हलवून बघायची, आणि मग दांडा उपसून, तो अंगाशी धरून, पाठीवर सरकत आत जायचं. दांड्याशिवाय जॅक कोणाला उतरवता येत नाही. ज्याचा जीव खाली, त्याच्याच हाती दांडा.

ही रीत अण्णांची. ती का पडली, हे त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं की कळायचं. तरुणपणी ते एका ट्रकखाली असताना, काम आटोपलं असेल असं समजून कोणीतरी मदत म्हणून जॅक उतरवला होता. "वाईट माणूस परवडला," अण्णा म्हणायचे, "तो निदान इकडेतिकडे बघून करतो. भला माणूस मदतीला धावतो आणि मुळावर येतो."

जॅकला ते मगर म्हणत. होतीच तशी: बुटकी, लांबट, चाकांवर जमिनीलगत सरकणारी, तोंडाशी गाडी उचलायची वाटी. अण्णांची मुलगी, जिला सगळी गल्ली ताई म्हणे, या मगरीबरोबरच वाढली. बाकीच्या मुली बाहुल्यांना न्हाऊ घालायच्या, ही मगरीला. चाकांत गुंतलेला कचरा काढायचा, सांध्यांना ग्रीस लावायचं, वाटी कोरडी पुसायची, नाहीतर गाडी घसरते. संध्याकाळी मगर पूर्ण खाली बसवूनच ठेवायची. "तिला उभ्याने झोपवू नकोस," अण्णा ओरडायचे, "आतल्या दट्ट्याला गंज चढतो." आता सगळीकडे बटण दाबलं की गाडी छताला टेकते. तेव्हा गाडी उचलायची म्हणजे तिच्याशी आधी दोन शब्द बोलावे लागत.

अण्णांचे गुडघे गेले, तेव्हा गॅरेज ताईकडे आलं. ते दाराशी खुर्ची टाकून बसत आणि जिभेने काम करत. त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची होती, ती जावयाची.

ताईचा नवरा कागदाच्या कारखान्यात हिशेबनीस होता. कारखाना बंद पडला तसा तो गॅरेजात येऊ लागला, पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट अशा थाटात. त्याला काम हवं होतं. पण त्याने पाना उचलला रे उचलला की अण्णा म्हणायचे, "अहो जावईबापू, राहू द्या. हात खराब होतील. बसा, चहा घ्या." ज्या तोंडाने ते अख्ख्या गल्लीचा उद्धार करत, त्याच तोंडातून जावयासाठी साखर गळायची. त्याला शिकवणं नाही आणि रागावणंही नाही. जावयाचा मान म्हणजे मान.

मानाने माणूस वाळत चालला होता. घरी तो घास चिवडत बसे. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "थोरल्या भावाने बोलावलंय. त्याच्या गोदामात माणूस हवाय."

"अहो, पण गॅरेज?"

"गॅरेज तुझं आणि अण्णांचं. मी तिथला पाहुणा. पाहुण्याने किती दिवस राहायचं?"

भाऊ दूरच्या गावी. हा गेला म्हणजे ताईलाही जाणं आलं. मग गॅरेजचं दार ओढून घ्यायचं, आणि अण्णांनी रिकाम्या घराच्या भिंतींना शिव्या द्यायच्या. तिने अण्णांना सुचवून पाहिलं होतं, की यांना हाताशी घ्या, एकदा दांडा द्या त्यांच्या हाती. अण्णांनी कानांवर हात ठेवले होते. "जावयाला गाडीखाली घालू? आणि काही झालं तर तुला कोणतं तोंड दाखवू?"

असं अडकून पडलेलं असताना एका सकाळी टॅक्सीवाला सायलेन्सर खडखडवत आला.

ताईने टॅक्सी सपाट फरशीवर घेतली, चाकांना लाकडी पाचरी मारल्या आणि मगर आत सरकवून दांडा हाणू लागली. दांडा आज वेगळाच लागत होता. उशी दाबावी तसा मऊ. गाडी वर आली खरी. पण घोड्या घ्यायला ती वळते न वळते तोच तिला दिसलं, की टॅक्सी खाली येते आहे. डुलकी लागलेल्याची मान येते तशी, सावकाश. तिने चटकन घोड्या सरकवल्या. टॅक्सी त्यांच्यावर टेकली आणि थांबली.

"ताई, तुमच्या मगरीला झोप आलीय," टॅक्सीवाला म्हणाला.

"झोप नाही. तिला कोणीतरी काहीतरी पाजलंय."

तिने मगर बाहेर ओढली, तेल भरायच्या भोकाचं रबरी बूच काढलं आणि वास घेतला. ब्रेक ऑइल. दिसायला जॅकच्या तेलासारखंच, पण जॅकच्या आतल्या रबरी सीलना ते विष. रबर फुगतं, मऊ पडतं, आणि वर धरलेलं वजन सुटत जातं. आणि आदल्या संध्याकाळी नवरा गालात हसत म्हणाला होता, "तुझं एक काम करून ठेवलंय. उद्या कळेल."

"काय झालं गं?" दारातून अण्णा.

"काही नाही. सील गेलं असेल."

"काल धडधाकट होतं ते. आण इकडे."

तिने बोट बुडवून नेलं. अण्णांनी ते आपल्या बोटांवर चोळलं, नाकाशी धरलं.

"ब्रेक ऑइल. कोणी घातलं?"

शेजारच्या खुर्चीत जावईबापूंचा चहाचा कप वाटेतच थांबला होता. घोड्या न लावता गाडीखाली वाकला म्हणून अण्णांनी सख्ख्या पुतण्याला त्याच दिवशी हाकलून दिलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताईने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं आणि म्हणाली, "मीच. घाईत बाटली चुकली."

"तू? तू एक वेळ खिरीत मीठ घालशील, जॅकमध्ये ब्रेक ऑइल नाही घालायचीस. आणि खोटं बोलताना लहानपणापासून तू जमिनीकडे बघतेस."

कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. जावई उभा राहिला.

"मी घातलं, अण्णा. मगर कोरडी वाटली. बाटलीवर ऑइल लिहिलं होतं."

टॅक्सीवाला चहा प्यायला निघाला होता. तो थांबला.

अण्णांचा चेहरा लाल होत गेला. जावयाचा मान आणि मगरीचा अपमान यांची आत कुठेतरी झटापट चालली होती. मग एकदम बांध फुटला.

"अरे गाढवा! ऑइल म्हणून उद्या खोबरेल घालशील! ही पोरगी खाली असती म्हणजे? घोड्या लावायला दोन पळं उशीर झाला असता म्हणजे?"

"मला कोणी सांगितलंच नाही," जावई म्हणाला. ती तक्रार नव्हती. हिशेबात जसं आहे तसं त्याने सांगितलं होतं.

अण्णांनी पुढची शिवी तोंडात घेतली होती, ती गिळली. त्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं.

"नाही सांगितलं," ते म्हणाले. "खुर्ची दिली, चहा दिला, पाना नाही दिला. आणि वर मीच सांगत फिरतो, भला माणूस मुळावर येतो म्हणून. तो न शिकवलेला भला माणूस असतो." मग ताईकडे वळून खेकसले, "बघत काय बसलीस? याला जुना सदरा दे. तो पांढरा शर्ट काढ म्हणावं. मगर खोल रे तू. तुझ्या हाताने पाजलंस, तुझ्याच हाताने धू."

दिवसभर ते चाललं. जावयाने मगरीचं पोट रिकामं केलं, जॅकच्या तेलाने खळबळून धुतलं, फुगलेली सील काढून नवी बसवली, नवं तेल भरलं. मग अण्णांच्या हुकमावरून व्हॉल्व्ह उघडा ठेवून रिकामाच दांडा हाणत राहिला, आत कोंडलेली हवा निघून जावी म्हणून. प्रत्येक पायरीला अण्णांनी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. सातवीपर्यंत पोचले तेव्हा जावई म्हणाला, "अण्णा, ते आमचे नव्हेत, तुमच्याकडचे." टॅक्सीवाल्याने गुडघ्यावर थाप मारली. ताईने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. कपाळाला ग्रीस लागलेलं, आणि कारखाना बंद पडल्यापासून ते कपाळ एवढं सैल तिने पाहिलं नव्हतं.

उन्हं कलताना मगरीने टॅक्सी पुन्हा उचलली. ताईने भिंतीवर टपाच्या रेषेत खडूची खूण केली आणि तिघं खुणेकडे बघत राहिले. टॅक्सी खुणेवरून हलली नाही. जावयाने घोड्या नीट लावल्या, वजन त्यांच्यावर घेतलं.

"हलव," अण्णा म्हणाले. "देवाला हात लावल्यासारखं नको. पडायची असेल तर आत्ता पडू दे."

त्याने खांदा लावून हलवली. मग दांडा उपसला, आणि सवयीने ताईपुढे धरला.

ताईने हात पुढे केला नाही. तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णा रस्त्याकडे बघत होते.

"तिला काय देतोस?" ते रस्त्यालाच म्हणाले. "सायलेन्सर जन्मभर तिनेच बांधायचे का?"

जावई दांडा अंगाशी धरून टॅक्सीखाली सरकला. बाहेर फक्त पॉलिश केलेले बूट राहिले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अगं, लहान पाना दे. हा नव्हे, त्याच्याहून धाकटा."

"भावाला काय कळवायचं?" पाना देताना ताईने हळूच विचारलं.

"आधी सायलेन्सर बांधू दे," बूट म्हणाले. "मग कळव, की मला इथे काम आहे."

अण्णांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली आणि टॅक्सीवाल्याला म्हणाले, "सकाळपासून उभा आहेस. बैस."