दादरची पूजा

“मोठ्यानं वाचा साहेब. आमच्या जाऊबाईंना पण ऐकू दे,” हेमाली म्हणाली आणि कृष्णाबाई बाकाच्या कडेला सरकली.

पोलीस ठाण्यात एकटी कशी जाऊ, म्हणून हेमालीनं थोरल्या जावेला स्कूटरवर घालून आणलं होतं. नको म्हणायला कृष्णाबाईला तोंड कुठं होतं?

नागावात एकाच वाडीत दोघींचे होमस्टे. पाहुणे मात्र सगळे हेमालीकडे. पाच तारे काय, फोटो काय, वर ‘हेमालीताईंच्या हातची पोपटी’! हातची म्हणे. वालाच्या शेंगा आणि अंडी मडक्यात कशी रचायची, हे तिला शिकवलं कुणी? कृष्णाबाई नुसती जळत होती. शेवटी तिनं फोनवर ‘पूजा, दादर’ या नावानं खातं काढलं आणि हेमालीच्या होमस्टेच्या पानावर मनातलं सगळं ओकून टाकलं.

हवालदार घाटावरचा, नुकताच बदलून आलेला. तो वाचू लागला, “‘खोल्या घाण. चादरी ओल्या. पोपटीत भांबुर्ड्याचा पाला पण धड घातला नव्हता.’” तो थांबला. “भांबुर्डा म्हंजे काय वो?”

कृष्णाबाई दाराकडे बघू लागली. उत्तर हेमालीनं दिलं.

“बांधावर उगवतो, साहेब. पोपटीच्या मडक्यात घालतात. वासासाठी.”

“मग दादरच्या बाईला त्याचं नाव कसं ठावं? ही हितलीच कुणीतरी हाय. खोट्या नावानं बदनामी करणं गुन्हा हाय. कंपनीला लिहितो, कुठल्या फोनवरनं आलंय ते निघंल. मग बसंल कोर्टाच्या पायऱ्या झिजवत.”

हेमालीनं जावेकडे पाहिलं. कृष्णाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“ऱ्हाऊ द्या साहेब,” हेमाली म्हणाली. “मला तक्रार न्हाय करायची.”

“अवो, तुमची गिऱ्हाइकं गेली म्हणालात नव्हं?”

“गेली. तरी न्हाय करायची.”

बाहेर आल्यावर हेमालीनं स्कूटरची चावी काढली. आवाज चढला नव्हता.

“पाला त्या दिवशी कमीच होता, जाऊबाई. बांधावर मिळालाच न्हाय. तुमच्याकडं मागायला आलेली. तुमी दार उघडलं न्हाय.”

“चार शिव्या घाल गं मला.”

“कशाला? घरी जाऊन तेवढं पुसून टाका. बसा.”

कृष्णाबाई मागे बसली. हिच्या खोल्यांचा हेवा केला, ताऱ्यांचा केला, पाहुण्यांचा केला. आता हिच्या मनाचाही करायचा? पण तोच वाटत होता, आणि आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त. स्कूटर खड्ड्यातून गेली तशी ती कलंडली, पण हेमालीच्या खांद्याला हात लावायचा तिला धीर झाला नाही. घर येईपर्यंत ती मागची दांडी धरून बसली.