रजईत कोंडलेला पंप

मी पंप बोलतोय. विहिरीवरचा धिप्पाड पंप नव्हे. चाकांवरच्या घरातला, जोड्याच्या खोक्यात मावेल एवढा. गाडीत मागे पलंग, मध्ये ओटा, दाराशी न्हाणी आणि बाकाखाली, टाकीशेजारी मी. नळ उघडला की घुर्रर्र करत पाणी ढकलायचं, बंद झाला की गप्प बसायचं. एवढंच माझं शिक्षण. पुढे शिकायची मला हौसही नव्हती.

पहिल्या मालकाने गाडी घेतली ती शेजाऱ्यांना दाखवायला. अंगणातच उभी. माझ्या नशिबी कोरडी टाकी आणि कोळ्यांची जाळी. मग ती साहेबांनी घेतली. साहेब म्हणजे निवृत्त अधिकारी. कचेरी सुटली, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही. सोबत त्यांची बायको. तिला मी काकू म्हणतो.

काकूंची थोरली बहीण खूप लांब राहते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं घराबाहेर पडणं बंद. "या वर्षी नक्की जाऊ," असं साहेब दर वर्षी म्हणायचे. अखेर एकदाचे निघाले.

पहिल्याच मुक्कामी जेवण झालं आणि साहेब आडवे झाले. काकू भांड्यांना लागल्या, म्हणजे मीही लागलो.

"अगं, त्या राक्षसाला गप्प कर!"

"मग भांडी काय थुंकीने घासू?"

साहेब तणतणत उठले. जुनी रजई काढली, मला चहूबाजूंनी गुंडाळलं आणि वरून दोरी आवळून बाकाच्या पायाला बांधलं. "बघ, याला डोकं लागतं!"

त्यांचं डोकं माझ्या गळ्याशी आलं. टाकीकडून पाणी येतं त्या तोंडाशी माझी एक जाळी असते, कचरा अडवणारी. तिच्यावर काचेसारखं झाकण. दोरीच्या ओढीने ते तिरकं झालं, खालची रबरी चकती सरकली, आणि त्या फटीतून मी पाण्याऐवजी हवा ओढायला लागलो. पुढच्या मुक्कामी नळ उघडला तर नुसतं फुसफुस. थेंब नाही.

साहेबांनी टाकी पाहिली. काठोकाठ भरलेली. मग फ्यूज काढून पाहिला. अहो, मी आत बोंबलतोय, म्हणजे वीज येतेय, हे शेंबड्या पोरालाही कळेल! बॅटरीच्या ताराही घासून झाल्या. रजई तेवढी सोडली नाही. मोठ्या माणसांचं हे असंच. जगभर चूक शोधतील, फक्त आपण मारलेली गाठ सोडून.

"पंप मेला," साहेबांनी निकाल दिला. "उद्या सकाळी परत फिरायचं."

"बाटल्या भरून घेऊ ना."

"अंघोळ काय बाटल्यांनी करू?"

"नका करू. ताई काही तुमचा वास घ्यायला बसलेली नाही."

"पुढच्या वर्षी जाऊ. नक्की."

ते 'नक्की' ऐकून काकूंनी ओटा पुसायला घेतला. मला वाटलं, संपलं. मी भंगारात, काकू घरात. पण त्यांनी पुन्हा नळ उघडला, गुडघे टेकले आणि बाकाला कान लावला.

"अहो, मेलेलं कुणी इतकी धाप टाकतं का? सरबत संपल्यावर आपला नातू नळी ओढत बसतो ना, तस्सा आवाज आहे. हा हवा ओढतोय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही कळत. म्हणून तर सोडून बघते."

भाजीच्या सुरीने त्यांनी दोरी कापली. रजई निघाली तेव्हा मी तव्यासारखा तापलो होतो. झाकणाखाली बुडबुडे नाचत होते. काकूंनी मला बंद केलं, निवू दिलं. झाकण उघडलं, जाळी धुतली, चकती खाचेत नीट बसवली आणि झाकण हाताने घट्ट फिरवलं. मग नळ उघडला. मी खोकलो, दोनदा थुंकलो आणि अशी धार सोडली की साहेबांचा सदरा भिजला.

"मी म्हणतच होतो, जाळी बघायला हवी," साहेब म्हणाले.

काकूंनी रजई त्यांच्या हातात कोंबली. "ही तुम्ही पांघरा. गाडी पुढे जाणार आहे."

गाडी पुढे गेली. ताईंच्या दारातच उभी राहिली. काकूंनी ताईंना हात धरून पायरीवर बसवलं, नळाला लांब नळी जोडली आणि त्यांचे पांढरे केस धुवायला घेतले.

"डोळ्यांत पाणी जातंय गं!"

"मग मीट की डोळे. लहानपणी मला हेच सांगायचीस."

दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. मी घुरघुरत राहिलो. आत साहेबांची दुपारची झोप चालली होती. त्यांनी एक डोळा उघडला, तोंडही उघडलं, दाराबाहेर पाहिलं, आणि निमूट रजई स्वतःच्या कानांवर ओढली.

म्हणून थोडे आभार त्यांचेही. गाडी तर त्यांनीच चालवली.

आता माझी रबरं झिजलीत, आवाज आणखी चढलाय. कधीतरी खरोखरच बंद पडेन. पडलो तर पडलो, काकू. एकदा तुम्ही कान लावलात, त्या उपकारावर मी आजवर ओढतोय. यंदाही आपण ताईंच्या दारात उभे आहोत, त्यांचे केस अजून धुऊन व्हायचेत. नळ एवढ्यात बंद करू नका.