अक्रोडाचे सहा डोळे

वादळात आमचं जुनं अक्रोडाचं झाड आडवं झालं. तसली पातळ कवचाची अक्रोडं रोपवाटिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच झाडाला येत नव्हती. पडलेल्या फांद्यांमधून कामाची अशी एकच काडी निघाली, आणि तिच्यावर डोळे, म्हणजे ज्यातून पुढे फांदी फुटते ते, मोजून सहा. ते कलमासाठी वाढवलेल्या नव्या रोपांच्या खुंटांवर धरले तर ते झाड राहिलं, नाही तर संपलं.

डोळे भरायचं काम माझ्या दादाचं. सत्तरी ओलांडली, नजर अधू झाली, तरी सुरी दुसऱ्याच्या हाती देईल तर शपथ. म्हणून आमच्याकडे एक नियम होता: काडी देताना जाड टोक दादाच्या पोटाकडे, म्हणजे डोळ्याची खालची बाजू कुठली ते त्याला न बघता कळतं. मग तो अंगठ्याने चाचपून डोळ्यासकट सालीचा चौकोन उचलतो आणि खुंटावर कापलेल्या तेवढ्याच खिडकीत बसवतो. अक्रोडाची साल बघता बघता काळी पडते, त्यामुळे थांबून विचार करायला वेळच नसतो.

त्या दिवशी मी पहाटेपासून उभी होते. पडलेलं झाड बाजूला ओढून घ्यायचं, रोपांना पाणी द्यायचं, त्यात वहिनी अंथरुणावर. अंगात त्राण म्हणून नव्हतं. दादाने सहाही डोळे भरले, पट्ट्या बांधल्या आणि हात धुऊन घरी गेला. मी झारी घेऊन वाकले आणि तेव्हा पाहिलं. छाटलेल्या पानाचा देठ डोळ्याच्या खाली हवा, तो वर होता. सगळे उलटे. काडी मीच उलटी दिली होती.

दादाला हाक मारायची सोडून मी शहाणपणा केला. पट्ट्या सोडल्या, चौकोन फिरवले, पुन्हा बांधले. पाच झाले. सहाव्याची गाठ काही सुटेना, बोटं काळी आणि बधिर झालेली. मरू दे म्हटलं आणि तिथेच मातीत बसून रडले.

तीन आठवडे मी दादाशी धड बोलले नाही. मग तो देठ तपासायला आला. बोट लावताच देठ गळला तर डोळा धरला. सुकून चिकटून राहिला तर गेला. पाचही चिकटलेले निघाले. सहाव्याचा देठ अलगद त्याच्या तळहातावर पडला.

मी सगळं सांगून टाकलं, काडीपासून गाठीपर्यंत. त्याने सहाव्याची पट्टी चाचपली.

"उलटे बसलेत ते शेवटचा बांधताना अंगठ्याला कळलं होतं माझ्या," तो म्हणाला. "उलटा डोळाही धरतो गं. जरा खाली वाढतो, मग वळून वर येतो. हलवला की मात्र संपला."

मग तेव्हाच का नाही बोललास, असं मी विचारलं.

"तू इतकी दमली होतीस. उगाच जिवाला लावून घेतलं असतंस."