मिटवून टाकलेली नजीरा

तुमच्या गल्लीत एक अप्पा असणारच. नवरा-बायकोचं वाजलं, भावाभावांत भिंतीवरून जुंपली, की लोक आधी त्याच्या दारात जातात आणि तो चहा पाजून मिटवतो. कोल्हापुरातल्या या अप्पांचं नाव सगळ्या पेठेत होतं. तालमीचे ते अध्यक्ष. त्यांच्या तालमीत गणपती बसायचा आणि मोहरमला पिराचा पंजाही बसायचा. "आमच्या गल्लीतलं भांडण कधी पोलीस चौकीच्या पायरीला लागलं न्हाई," असं अप्पा छाती पुढं काढून सांगायचे.

ते खोटं होतं. भांडण पायरीला लागत होतं. अप्पा ते पायरीवरून परत आणत होते.

नजीराचा नवरा तौसीफ शाहूपुरीत स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकाशी गोड, गल्लीत अदबीचा, आणि घराचं दार लागलं की हातात कमरेचा पट्टा. नजीरा सुजलेला डोळा घेऊन पहिल्यांदा चौकीत गेली तेव्हा हवालदारानं पेन उघडायच्या आधी फोन उचलला.

"अप्पा, तुमच्या गल्लीतली आलीया एक. घिऊन जावा."

अप्पांनी तिला स्कूटरवर मागं बसवून आणलं. तालमीत चहा मागवला. तौसीफला चार शिव्या घातल्या, पंजा बसतो त्या जागेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. "झालं गेलं इसरा. पोरगीकडं बघा," म्हणाले. दुसऱ्या वेळीही हेच. तिसऱ्या वेळी नजीरानं चहाला हात लावला नाही. एवढंच म्हणाली, "अप्पा, शपथ त्यो घेतोय आणि मार मी खातोय."

गल्लीतले लोक काय म्हणायचे ऐका. "त्यांच्यात हे चालायचंच." भिंतीपलीकडून किंकाळी यायची, भिंतीअलीकडून टीव्हीचा आवाज वाढायचा.

आणि एक दिवस ते घडलं. नजीरा कांदा चिरत होती. तौसीफनं तिला भिंतीला दाबलं आणि दोन्ही हातांनी गळा आवळला. सहा वर्षांची आयेशा बापाच्या पायाला लोंबकळून ओरडत होती. नजीराच्या डोळ्यांपुढं अंधार आला. हातात सुरी होती. एकच वार. मग तिनंच ओढणीचा बोळा करून त्याची जखम दाबून धरली, तिनंच शेजाऱ्यांना हाका मारल्या. दवाखान्यात न्यायच्या आत तौसीफ संपला.

पोलिसांनी खून लिहिला. तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. ते काळेनिळे होऊन विरून गेले, तोवर तिला कुणी डॉक्टरपुढं उभं केलं नाही. पण फौजदारानं हे मात्र आठवणीनं लिहिलं, की आरोपी सुरी चालवण्यात सराईत आहे. का? नाव नजीरा तौसीफ नदाफ, म्हणून. दुसरं कारण असेल तर मला दाखवा.

नजीरा कळंब्याच्या तुरुंगात गेली आणि सरकारनं साक्षीदार म्हणून अप्पांना बोलावलं. सरकारी वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तुम्ही फक्त एवढंच सांगायचं. तिनं कधी तक्रार केली नव्हती."

साक्षीच्या आदल्या दिवशी नजीराचा बाप शमशुद्दीन नातीला घेऊन अप्पांच्या घरी आला. गाद्या-रजया भरून देणारा म्हातारा पिंजारी. भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले.

"अप्पा, उद्या तुमी सरकारकडनं बोलणार म्हणं?"

"समन्स आलंय बाबा. जायला लागतंय."

"जावा की. पर ते सराईत लिवलंय न्हवं, त्येचं वाईट वाटतंय बघा. माझा जल्म कापूस पिंजण्यात गेला. बकरीदीला मला कुर्बानी बघवत न्हाई, मी बाहेर जाऊन बसतोय. माझी पोरगी सुरी चालवायला शिकली कुठं?"

अप्पा खिडकीकडं बघत म्हणाले, "शमशुद्दीन, माणूस मेलाय. आणि खरं बोलायचं तर तुमच्यात हे जरा…"

"जरा काय, अप्पा?"

अप्पांची बायको पद्मजाकाकू, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"करा की पुरं. त्यांच्यात काय? आणि अवंतिकाच्या घरी काय झालं होतं, ते आपल्यात का?"

अवंतिका गल्लीच्या टोकाच्या अपार्टमेंटमधली. नवरा अभिराम बँकेत साहेब. त्यानं तिचे केस धरून फरफटत नेलं, तिनं हाताला लागलेला कुकर त्याच्या डोक्यात घातला. तेव्हाही चौकीतून फोन आला होता. अप्पा धावत गेले होते आणि म्हणाले होते, "चांगल्या घरातली पोरगी हाय. त्यो फरशीवर घसरला म्हणून लिवा." तसंच लिहिलं गेलं.

"अभिराम वाचला. तौसीफ मेला. फरक हाय," अप्पा म्हणाले.

"तुम्ही चौकीत गेलात तेव्हा अभिराम आयसीयूत होता. जगतो का मरतो हे डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. तरी तुमच्या तोंडून 'घसरला' आलं. अवंतिकाला सोडवलंत, चांगलं केलंत. तिनं जीव वाचवला स्वतःचा. मग नजीरानं दुसरं काय केलं? कुकर चांगल्या घरातला आणि सुरी सराईत, हे ठरवलं कुणी?"

"मी नजीराला मदतच केली की. तीनदा घरी आणली."

"मदत?" काकूंचा आवाज चढला. "पुरावा पुसलात तिचा! उद्या कोर्टात विचारतील, तक्रार केली होती का? कागद कोरा. कोरा ठेवला कुणी?"

तेवढ्यात आयेशा आजोबांचा हात सोडून पुढं आली.

"अप्पा, अम्मीला चौकीतनं तुमीच आणता न्हवं? मग ह्या वेळी का न्हाई आणलं?"

तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं जे तीनदा बघितलं तेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीनं पतीविरुद्ध कधी तक्रार केली होती?"

"व्हय. तीनदा गेलती चौकीत."

कोर्टात कुजबुज झाली. वकील फाईल चाळू लागले. "पोलिसांकडे एकही नोंद नाही."

"कशी असंल? नोंद व्हायच्या आधी मी तिला उठवून आणत हुतो."

"साक्षीदार फितूर झाला आहे, महाराज," वकील न्यायाधीशांना म्हणाले आणि अप्पांकडं वळले. "तुमच्यावर कुणी दबाव आणलाय?"

"दबाव मी आणला, वकीलसाहेब. तिच्यावर. तीनदा." अप्पा न्यायाधीशांकडं वळले. "आमच्या गल्लीत दुसऱ्या एका पोरीनं असाच जीव वाचवला. तिचं नाव सांगणार न्हाई. ती गुन्हेगार न्हाई. तिला मीच सोडवली, कारण ती मला आपली वाटली. ही वाटली न्हाई. माझी चूक ही हाय."

तुम्हाला वाटेल, नजीरानं हात जोडले असतील. नाही जोडले. पोलीस तिला बाहेर नेत होते तेव्हा ती अप्पांपुढं क्षणभर थांबली.

"हे तवाच का न्हाई बोललासा, अप्पा?"



निकाल अजून लागलेला नाही. काय लागेल ते मी सांगू शकत नाही आणि खोटी आशाही दाखवणार नाही. एका म्हाताऱ्याच्या साक्षीनं विरलेले वळ गळ्यावर परत उमटत नाहीत. शमशुद्दीन नातीला घेऊन भेटीला जातो, जाळीपलीकडून आई-लेक बोलतात आणि वेळ संपली की आयेशाला ओढून न्यावं लागतं.

परवा दुपारी चौकीतून पुन्हा फोन आला. "अप्पा, आलीया एक. घिऊन जावा."

अप्पा गेले. बाकावर एक पोरगी बसली होती, ओठ फाटलेला, गालावर वळ. कोण, कुठल्या जातीची, अप्पांनी विचारलं नाही. त्यांना बघताच ती उठली. परत जायचं, हे तिनं गृहीतच धरलं होतं.

"बस," अप्पा म्हणाले आणि तिच्याशेजारी बसले. "हवालदार, पेन काढा."

"अप्पा, तालमीत मिटवा की. कशाला उगच…"

"लिवल्याबिगर आमी दोघं हितनं उठत न्हाई. आणि आधी डॉक्टरकडं चला. वळ ताजं हाईत तवर."

नागरिकहो, मिटवणं म्हणजे न्याय नव्हे. मार खाणाऱ्या बाईला गप्प करून घरी पाठवतो तो गल्लीची अब्रू राखत नाही, पुढच्या मृत्यूची तयारी करतो. मग मरते ती, नाहीतर तो. ती मेली तर आपण हळहळतो; तो मेला तर तिचं आडनाव वाचतो आणि ती खुनी होती का बिचारी होती, ते ठरवून टाकतो. गळा आवळला की बाई फक्त श्वास शोधते. त्या श्वासाला धर्म नसतो, जात नसते, चांगलं घर नसतं.

आज संध्याकाळी तुमच्या भिंतीपलीकडून किंकाळी आली, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. दार वाजवा. तिच्यासोबत चौकीत जा आणि कागदावर उतरेपर्यंत बसून राहा.

नजीरा अजून आत आहे. तिच्यासोबत कुणी बसलं नव्हतं.